उन्हावरचा गारवा

टेंभुर्णीच्या कडूबाला कुणी शिवी दिली तर तो दोन शिव्या परत देऊन मोकळा व्हायचा आणि संध्याकाळी त्याच माणसाबरोबर चहा प्यायचा. पण साडूने गोड बोलून केलेला अपमान त्याला पचला नाही. तो त्याने दोन वर्षं जपला, वाढवला, आणि त्याच्यापायी चालता धंदा मोडून बसला.

झालं ते असं. कडूबा टेंभुर्णी-जालना रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचा. त्याचा साडू रामराव नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत साहेब होता. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आष्टीच्या तातेरावांच्या लेकी. थोरली द्वारकाबाई कडूबाला दिलेली, धाकटी बेबीनंदा रामरावाला. थोरल्या जावयाचा मान मोठा, अशी आपली रीत. पण रीत एका बाजूला आणि साहेबाची इस्त्रीची पँट दुसऱ्या बाजूला. आष्टीला गेलं की कडूबाला माठातलं पाणी मिळायचं आणि रामरावाला फ्रिजमधलं.

एका उन्हाळ्यात कडूबा आणि द्वारकाबाई रामरावाच्या घरी टेकायला गेले. बैठकीत नवाकोरा एसी घरघरत होता. कडूबा थेट त्याच्या पुढ्यात जाऊन बसला. टोपी काढली, गळ्याचं बटण सोडलं, तोंड वर केलं आणि गारव्याची वाट पाहू लागला. तेवढ्यात रामराव लगबगीने उठला आणि त्याने एसी बंद केला.

"राहू द्या, कडूबाराव," तो म्हणाला. "तुम्हाला सवय न्हाई. सर्दी होईन."

एवढंच. पण कडूबाचे कान तापले ते टेंभुर्णी येईपर्यंत तापलेलेच. म्हणजे खेड्यातल्या माणसाचं नाक काय हलक्या प्रतीचं असतं?

द्वारकाबाईला मात्र जीपमध्ये वेगळंच सुचत होतं. "आपल्या सैपाकघराचे पत्रे लई तापतात. एक पंखा बसवला तरी बक्कळ झालं."

"पंख्याचं काय घेऊन बसली!" कडूबा खेकसला. पंखा ती लग्नापासून मागत होती आणि कडूबा लग्नापासून खेकसत होता. त्यातून त्या काळी गावात दिवसभर लोडशेडिंग. पंखा बसवला असता तरी तो भिंतीवरचा शोभेचा पंखा झाला असता.

मग एका रविवारच्या पुरवणीत कडूबाने फोटो पाहिला. कुठल्या तरी परदेशातलं गोरं म्हातारं जोडपं मोटारीतच घर करून हिंडत होतं. आत पलंग, शेगडी, एसी, आणि टपावर सोलरच्या प्लेटा. खाली लिहिलं होतं, सगळं उन्हावर चालतं. कडूबाने फोटो पुन्हा पुन्हा पाहिला आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. जितकं ऊन तितकी वीज, जितकी वीज तितका गारवा. आपल्याकडे ऊन काय कमी आहे? या हिशोबाने टेंभुर्णीत मे महिन्यात बर्फच पडायला पाहिजे.

त्याने चालू जीप विकली. लिलावातून फिरत्या दवाखान्याची एक म्हातारी गाडी आणली. तिच्यात औषधांचा वास इतका मुरला होता की आत बसलं की आपल्याला काहीतरी झालंय असं वाटायचं. जालन्याच्या शिवाजी बॅटरीवाल्याने टपावर प्लेटा ठोकल्या, आत इन्व्हर्टर बसवला, बंद पडलेल्या कुठल्याशा ऑफिसचा एसी खिडकीत डकवला. बॅटऱ्यांनी एवढी जागा खाल्ली की पलंग मावेना. मग बॅटऱ्यांवरच फळी टाकून गादी अंथरली आणि द्वारकाबाईला सांगितलं, हा तुझा पलंग. तिने गादी दाबून पाहिली आणि ती खाली उतरली.

"अण्णा, एकच ध्यानात ठेवा," शिवाजी म्हणाला. "प्लेटांवर सावली नको. दिवसभर ऊन खाल्लं तर घडीभर एसी चालंन. घडीभरच बरं का."

कडूबा "घडीभर" सोयीस्करपणे विसरला आणि "ऊन" तेवढं त्याने लक्षात ठेवलं. दारातल्या कडुलिंबाची सावली दुपारनंतर गाडीवर यायची, म्हणून त्याने त्या बाजूच्या फांद्या छाटून टाकल्या. त्याच फांद्यांखाली द्वारकाबाई दुपारची डाळ निवडत बसायची. ती सूप घेऊन पत्र्याखाली गेली.

चाचणी झाली. गाडी उन्हात उभी, पत्रा असा तापलेला की हात लावला तर चटका. आत एसी जीव तोडून धावला आणि शेवटी गाडीत एवढा गारवा झाला, जेवढा छाटण्याआधी लिंबाखाली फुकट असायचा. हे कडूबाच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण त्याला गारवा हवाच कुठे होता? त्याला रामराव गाडीत बसवायचा होता आणि त्याच्याकडे बघून म्हणायचं होतं, "जपून हां, सर्दी होईन." या एका वाक्यासाठी ही सगळी यात्रा होती.

संधी चालत आली. २००७ साली अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. तातेरावांनी दोन्ही जावयांना धोंडे खायला बोलावलं. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही आणि त्याच्या कशालाही नाव ठेवायचं नाही. कडूबाला याहून चांगला मुहूर्त कुठला मिळणार?

टेंभुर्णी ते आष्टी सगळ्या रस्त्यात एसी बंद होता, कारण वीज रामरावासाठी राखायची होती. आणि काचाही बंद होत्या, कारण उघड्या ठेवल्या तर बघणाऱ्यांना वाटेल की एसी नाही. द्वारकाबाई पदराने वारा घेत, बॅटऱ्यांवर बसून, घामाने निथळत माहेरी पोचली.

संध्याकाळी सासऱ्यापुढे मिरवल्याशिवाय कडूबाला राहवलं नाही. तातेराव आत बसले, एसी लावला, खरोखर गार वारं आलं. म्हाताऱ्याने दोन्ही हात जोडले. गल्लीतली माणसं आळीपाळीने बसून गेली. बॅटऱ्या रिकाम्या होईपर्यंत कडूबा "जपून हां, सर्दी होईन" याचा सराव करत राहिला. उद्या रामराव येईपर्यंत ऊन पुन्हा बॅटऱ्या भरून देणारच होतं.

सकाळी सासुरवाडीने नारायणाला धरलं. तेल, उटणं, गरम पाणी, नवं धोतर. कडूबा पाटावर डोळे मिटून बसला होता आणि मनात तेच वाक्य घोळवत होता. त्याच वेळी तातेराव वेगळ्याच कामाला लागले होते. जावयाची एवढी मोलाची गाडी, आणि ती उन्हात? आष्टीत माणसं काय म्हणतील? मराठवाड्यात पाहुण्याचा बैलसुद्धा कुणी उन्हात बांधत नाही. त्यांनी घरची चार माणसं लावून गाडी ढकलत चिंचेखाली नेली, टपावर पेंढ्या सोडून कडबा अंथरला आणि वर दोन घागरी पाणी शिंपडलं.

रामराव दुपारी आला. कडूबा मिशीला पीळ देत त्याला घेऊन निघाला आणि जागेवरच थबकला. गाडी कडब्याच्या गंजीसारखी दिसत होती.

"जावईबापू, सकाळी फजरपासून गाडीला कवडसा लागू दिला न्हाई," तातेराव अभिमानाने म्हणाले.

थंडीसाठी गाडी उन्हात ठेवावी लागते, हे आता रामरावासमोर कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय म्हाताऱ्याने केलेला मान. कडबा काढा म्हणणं म्हणजे ताटातला धोंडा फेकून देण्यासारखं. कडूबा आत चढला. मागून रामराव, मागून तातेराव. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. कडूबाने देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. एसी एकदा खोकला. इन्व्हर्टर पीं करून ओरडला आणि गप झाला.

"जरा टाइम लागतो," कडूबा म्हणाला.

टाइम लागला. दवाखान्याचा जुना वास बाहेर यायला लागला. तातेरावांच्या मिशीवरून घामाचा थेंब ओघळला, पण महिना अधिकाचा होता.

"गार हाय," ते म्हणाले. "लई गार हाय, जावईबापू." आणि जेवणाचं बघतो म्हणून जवळजवळ उडी मारून बाहेर पडले. जाताना दार मात्र नीट लावून गेले.

उरले दोघं साडू. आधी दार कोण उघडणार, यावर आता सगळी इज्जत टांगलेली होती. रामरावाचा सदरा पाठीला चिकटला. कडूबाच्या नव्या धोतराचं फडकं झालं. शेवटी रामरावच हलक्या आवाजात बोलला.

"साडूभाऊ, एक सांगू? कुनाला बोलू नका. आमचाबी असाच हाय."

"काय असाच हाय?"

"एसी. आमच्या गल्लीत व्होल्टेज बराबर भेटत न्हाई. नुसता घरघरतो आन् गरम हवा फेकतो. त्या दिवशी तुम्ही त्याच्यापुढं तोंड वर करून बसल्ते. मला लाज वाटली, मंग केला बंद."

ज्या अपमानासाठी कडूबाने जीप विकली, लिंब छाटला, बायकोला बॅटऱ्यांवर बसवून आणलं, तो अपमान झालेलाच नव्हता! त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. दोन वर्षं पोसलेली वस्तू कुणीतरी खिशातून काढून नेल्यासारखं त्याला वाटलं. तोंडापर्यंत आलेलं वाक्य त्याने गिळलं, आणि ते गिळणं फार जड गेलं.

दोघं बाहेर आले. अंगणात सगळे वाट बघत होते. रामरावाने कडूबाकडे एकदा पाहिलं आणि तो मोठ्यांदा शिंकला.

"सर्दीच झाली बुवा," तो म्हणाला.

माणसं खूष झाली. कडूबाची मान ताठ झाली. सैपाकघराच्या दारात दोघी बहिणी उभ्या होत्या, धोंडे तळून तळून तोंडं लाल झालेल्या. द्वारकाबाईने नवऱ्याचं पिळून काढण्याजोगं धोतर पाहिलं, रामरावाचा सदरा पाहिला, आणि ती परत चुलीपुढे गेली.

टेंभुर्णीत कडूबाने रामरावाच्या शिंकेची गोष्ट पारापारावर सांगितली. सांगता सांगता ती शिंक ताप येण्यापर्यंत वाढली. असाच तो एके दिवशी गोष्ट सांगायला बाहेर गेला असताना द्वारकाबाईने जालन्याहून शिवाजीला बोलावून घेतलं. टपावरची एक प्लेट उतरून सैपाकघराच्या पत्र्यावर गेली, एक बॅटरी कोपऱ्यात आली, आणि भिंतीला छोटा पंखा लागला.

कडूबा दुपारी घरी आला. लाइट गेलेली. लिंब छाटलेला. गाडी तापलेली. सैपाकघरातून मात्र वाऱ्याचा आवाज येत होता. भांडी घासून द्वारकाबाई नुकतीच पंख्यापुढे टेकली होती, केस भुरुभुरू उडत होते. तो काही विचारायच्या भानगडीत पडला नाही. सरळ तिच्या शेजारी येऊन बसला. टोपी काढली, गळ्याचं बटण सोडलं आणि तोंड वर केलं.

द्वारकाबाई उठली आणि तिने पंखा बंद केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्हाला सवय न्हाई. सर्दी होईन."