टेपचं दुसरं टोक

आधीच कबूल करते, असले अनुभव मी आजवर फक्त करमणूक म्हणून वाचले. वाचायचे, आणि नवऱ्याला म्हणायचं, "यांना जरा बीपी तपासून घ्यायला सांगा." माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. वडील फौजेत हवालदार. घरात देव होते, पण भुतांचा विषय कधी निघाला नाही. निघाला तर वडील म्हणायचे, "कुठं दिसलं? किती वाजता? लिहून आण." त्या सवयीनेच हे लिहितेय. कुठं, किती वाजता, सगळं.

मी सांगलीत राहते. घरातल्या मोठ्या खोलीचे दोन भाग करायला सरकते दरवाजे लागतात ना, काच-अ‍ॅल्युमिनियमचे किंवा लाकडी, तो माझा व्यवसाय. चौदा वर्षं झाली. आमच्या धंद्यात माप म्हणजे सगळं. अर्धा इंच चुकला की काच वाया, आणि वर गिऱ्हाईकाचं तोंड बघायचं. त्यामुळे माप मी दुसऱ्या कुणाला घेऊ देत नाही.

मागच्या वर्षी माधवनगरहून एक फोन आला. आण्णा मगदूम, वय पंचाहत्तरच्या आसपास. जैन शेतकरी कुटुंब, ऊस, थोडा व्यापार, दुमजली बंगला. त्यांची बायको, काकू म्हणूया, मिरजेच्या एका दवाखान्यात आयसीयूमध्ये होत्या. पक्षाघाताचा झटका, उजवी बाजू गेलेली. घरी आल्या तर जिना चढता येणार नाही, म्हणून खालच्या लांबलचक हॉलमधून त्यांच्यासाठी एक खोली काढायची होती.

मुलगा अभिजित साताऱ्यात नोकरीला. त्याचा फोन वेगळा आला. "मॅडम, खरं सांगू? आई नऊ दिवस शुद्धीवर नाहीये. डॉक्टर काही बोलत नाहीत, आणि आण्णा खोली करायला निघालेत. पण त्यांचं मन मोडवत नाही. करायचंच तर क्लिअर ग्लास टाका. बाई ठेवावी लागेल, तिला बाहेरून पेशंट दिसला पाहिजे. आणि नाहीच जमलं तर मी आईला इथे साताऱ्याला एका केअर सेंटरमध्ये ठेवणार आहे."

मी फक्त "बरं" म्हटलं. आपण मापं घेणारी माणसं...

मंगळवार होता. सकाळचे अकरा. माझा कारागीर दुसऱ्या साइटवर, म्हणून मी एकटीच गेले. आण्णांनी दार उघडलं. धोतर, अंगात बंडी, हातात फोन. "या ताई. हितनं हितपर्यंत आडवं पायजे. तुमी घ्या माप, मी जरा दवाखान्यात फोन लावतो. डाक्टर राउंडला याची येळ हाय." आणि ते बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. मला तिथून त्यांचं "हॅलो... हॅलो..." ऐकू येत होतं.

हॉल अकराएक फूट रुंद. समोरच्या भिंतीजवळ एक लोखंडी कपाट, भिंतीपासून दोन हात पुढे ओढून ठेवलेलं. कपाटाच्या मागे स्वयंपाकघराचं दार. बाकी हॉल मोकळा. बहुतेक कॉटसाठी जागा करायला सामान हलवलं असावं.

रुंदी आम्ही तीन ठिकाणी घेतो. खाली, मध्ये आणि वर. भिंती दिसतात सरळ, असत नाहीत. मी टेपचं टोक समोरच्या भिंतीच्या कोपऱ्यात अडकवलं, इकडे आले, ताणलं, तर टोक सुटलं. पुन्हा गेले, पुन्हा सुटलं. लेझर मशीन होतं बॅगेत, पण त्या दिवशी त्याचा सेल बसलेला. मी वैतागून काहीतरी पुटपुटले.

तेवढ्यात कपाटामागून आवाज आला. "थांबा, मी धरतो."

बाईचा आवाज. आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटलं, आण्णांची बहीण असेल, नाहीतर कामाच्या मावशी. कपाटाच्या आडून एक हात पुढे आला. ओला, भांडी घासता घासता आल्यासारखा. हिरव्या काचेच्या बांगड्या, त्यात एक सोन्याची. त्या हाताने टेपचं टोक भिंतीला दाबून धरलं.

"धरलंय. घ्या."

मी मधलं माप घेतलं. दहा फूट अकरा इंच.

"आता खालचं," मी म्हणाले. हात खाली गेला. "खाली कमी भरंल," त्या म्हणाल्या. "बांधतानाच गवंड्यानं भित्त फुगवल्या. लय भांडलो मी त्याच्यासंगं." आणि खरंच, खाली अर्धा इंच कमी! मी हसले. म्हटलं, "मावशी, तुम्हाला कामाला घेऊ का?" त्याही जराशा हसल्या.

मग वरचं. सात फुटांवर. मी माझ्या बाजूला स्टूल घेतलं. त्यांना स्टूल देऊ का विचारलं, तर "नगं, पुरतोय हात." कपाटाचे पाय चारेक इंच उंच असतील. त्या फटीतून मला दोन अनवाणी पावलं दिसत होती, आणि माप धरताना त्या पावलांच्या टाचा वर उचललेल्या दिसल्या. हात वर भिंतीला टेकला, बांगड्या कोपराकडे घसरल्या.

मी वहीत लिहीत असताना त्या म्हणाल्या, "काच आरपार नगा घालू वं. माणूस पडल्यालं आसतंय आत. आल्या-गेल्यानं सगळ्यांनी बघायचं व्हय? दुधी काच घाला."

मला ते पटलं. वहीत त्याच पानावर लिहिलं: 'दुधी काच. खाली रुळाची पट्टी नको, चाकाची खुर्ची जाणार.' मान वर करून "बरं मावशी" म्हटलं, तोवर पावलं नव्हती. गेल्या असतील आत. बाहेर आण्णा अजून फोनवरच. मी खुणेनं "येते" म्हटलं आणि स्कूटी काढली.

संध्याकाळी अभिजितला कोटेशन पाठवलं. पाच मिनिटांत फोन.

"मॅडम, क्लिअर ग्लास सांगितली होती ना? हे दुधी कुणी सांगितलं?"

"तुमच्या घरातल्या मावशींनी. टेप धरायला होत्या त्या."

"कोण मावशी?"

मी वर्णन सांगितलं. बांगड्या, बोलणं. तो म्हणाला, "घरी कुणी नाहीये हो. कामवाली आईला झटका आल्यापासून येत नाही. आत्या कर्नाटकात असते. आण्णा एकटे आहेत घरी."

मी म्हटलं शेजारच्या कुणी असतील. फोन ठेवला, भाजी टाकली, आणि तशीच गॅस बंद करून बसले. कारण नीट आठवलं तर... मागचं दार मी स्वतः बघितलं होतं. टोक अडकवायला कपाटाशी गेले तेव्हा स्वयंपाकघर सरळ दिसत होतं, मागच्या दाराला आतून लाकडी आडणा घातलेला होता. आणि ओट्यावर एक भांडं नव्हतं. कोरडा ठणठणीत ओटा. मग हात ओला कशाने होता?

त्यानंतरचे दोन दिवस मी कामात नव्हतेच. एका ठिकाणी बिजागऱ्या उलट्या बाजूला लावायला सांगितल्या. नवरा म्हणाला, "तूच घेतलं असशील गं माप एकटीनं, डोक्यात कालवाकालव झाली असंल." मी त्याच्यासमोर टेप काढली. अकरा फूट टेप, सात फूट उंचीवर, दुसऱ्या बाजूला कुणी न धरता ताणून दाखव म्हटलं. त्याने चारदा प्रयत्न केला. टेप मध्येच मोडून खाली येते. येणारच. शेवटी टेप गुंडाळून माझ्या हातात दिली.

तिसऱ्या दिवशी कारागिराला घेऊन, लेझर घेऊन पुन्हा माधवनगरला गेले. मनातून वाटत होतं, मापं चुकलेली निघू देत. म्हणजे मला भास झाला, विषय संपला. मापं तंतोतंत निघाली. तिन्ही.

आण्णांना मी सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण त्यांनीच विचारलं, "पोरगा म्हणत हुता, कोण तरी हुतं म्हणं घरात?" मी भिंत फुगवलेल्या गवंड्याचं बोलले तेव्हा ते तोवर आणून ठेवलेल्या कॉटवर बसले.

"तीस वर्सं झाली त्या गोष्टीला," ते म्हणाले. "मी तवा मळ्यात हुतो. ही एकटीच भांडली हुती त्याच्यासंगं. पोरालाबी ठाव न्हाई."

मी विचारलं, "मग आण्णा, काच?"

त्यांनी तिथूनच अभिजितला फोन लावला, स्पीकरवर. "दुधी काच घालायची. तुझ्या आईनं सांगितलंय."

"आण्णा, आई बेशुद्ध आहे!"

"म्हणून तर आईकायचं. शुद्धीत आसताना कुटं आईकलं आपण तिचं?"

"अहो, पण बाहेरून लक्ष कसं ठेवणार?"

"भाईरनं कशाला? मी आतच झोपणार हाय तिच्याजवळ."

अभिजित अगदी लहान आवाजात म्हणाला, "बरं. करा मॅडम तसंच." त्याने केअर सेंटरचं नाव मग काढलं नाही.

रविवारी काकूंनी डोळे उघडले. हे मी योगायोगच मानते. औषधं चालू होती, डॉक्टर झटत होते. पुढे तीन आठवड्यांनी त्या घरी आल्या. त्याआधी दोन दिवस आम्ही दरवाजे बसवून दिले होते. वरून लटकणारे, खाली जमीन सपाट, दुधी काच. मी मुद्दाम त्या येण्याच्या दिवशी गेले नाही. धीर झाला नाही.

सात-आठ महिन्यांनी आण्णांचा फोन आला. एक दरवाजा सरकताना अडतोय. मी कारागिराला पाठवू शकले असते. पण तो हात काकूंचाच होता का, ही गोष्ट इतके महिने आत टोचत होती, ती अशी टोचतच राहणार होती. गेले.

काकू चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. किडकिडीत, केस बारीक कापलेले, उजवा हात मांडीवर ठेवलेला. हातात बांगड्या नव्हत्या. मी पहिल्यांदा बघत होते त्यांना. चेहरा बघून काही कळलं नाही, कारण त्या दिवशी चेहरा दिसलाच नव्हता. आवाजावरूनही नाही. जीभ जड, शब्द तुटक, एकेक शब्द ओढून काढल्यासारखा.

मी वरचा रोलर घट्ट केला, दरवाजा दोनदा सरकवून दाखवला. आण्णा म्हणाले, "दिवस बुडायच्या आत च्या घिऊन जावा," आणि स्वयंपाकघरात गेले. ते गेल्याचं बघून काकूंनी डाव्या हाताने मला जवळ बोलावलं.

"ह्यांनी... सांगितलंय मला," त्या म्हणाल्या. "तुमी... माप घेतलं... ते."

मी म्हटलं, "तुम्हाला काही आठवतंय का, काकू?"

त्यांनी मान हलवली. नाही. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, शब्द जुळत नव्हते. मला वाटलं त्या विचारणार, "मी तितं कशी आलो, कुटनं आलो?" तेच मला विचारायचं होतं त्यांना.

"मी..." त्या म्हणाल्या, "उभी हुतो का वं?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. "होय काकू. उभ्या होता. वरचं माप धरताना टाचा उचलल्या होत्या तुम्ही."

"दोनी?"

"दोन्ही."

काकूंनी डावा हात उजव्या मांडीवर ठेवला आणि हळूहळू गुडघ्यापर्यंत नेला, पाय तपासल्यासारखा. रडल्या नाहीत. आतून आण्णा विचारत होते, साखर किती घालू. काकू म्हणाल्या, "दोन," आणि माझ्याकडे बघून अर्ध्या चेहऱ्याने हसल्या.

मी बिनसाखरेचा घेते. तो चहा तसाच प्यायले.

डॉक्टर असलेल्या मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, तू खूप दमली होतीस. असेन. गवंड्याचं मला कसं कळलं, यावर ती म्हणाली, कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असशील. कुणाच्या, ते तिला सांगता आलं नाही. मला तर नाहीच नाही. मापाची वही माझ्याकडे आहे, त्या पानावर माझंच अक्षर आहे. कपाटात सगळ्यात खाली ठेवलीय. फेकवतही नाही आणि उघडवतही नाही... तुमच्यापैकी कुणाला यात काही सुचलं तर जरूर लिहा. फक्त भास झाला एवढंच लिहू नका, ते मी स्वतःला रोज सांगून बघते.