दोन आठवड्यांसाठी थाई कोण शिकतं?

मंडळी, लंच टाइममध्ये ऑफिसच्या टर्मिनलवरून लिहितेय. डोक्यात किडा वळवळतोय, घरी बोलायची सोय नाही.

माझा नवरा श्रीकांत कंपनीच्या कामाला दोन आठवडे बँकॉकला जाणार आहे. निदान मला तसं सांगितलंय. तेवढ्यासाठी हा माणूस महिनाभर कारमध्ये कॅसेट लावून थाई शब्द पाढ्यांसारखे घोकतोय.

आज माझी गाडी रिपेअरला दिली होती, म्हणून त्याच्याबरोबर निघाले. कॅसेटवर बाई सांगत होती, 'क्लाय' म्हणजे जवळ आणि 'क्लाय' म्हणजे लांब. मला दोन्ही एकच वाटले. श्रीकांतलाही जमेना.

मागच्या सीटवरून आमची सात वर्षांची केतकी म्हणाली, "नो बाबा, यू सेड फार अवे." मग तिने दोन्ही म्हणून दाखवले. 'जवळ'ला आवाज वरून खाली आणला, 'लांब'ला सरळ ठेवला. अगदी त्या बाईसारखं.

मी विचारलं, "हिला कशाला शिकवतोयस?"

"अगं, सहज. रोज शाळेत सोडतो ना, कानावर पडतं."

घरात मराठी बोल म्हणून हा तिच्यामागे कधी लागला नाही. थाई मात्र सहज.

मी केतकीला विचारलं, "थाईमध्ये शाळेला काय म्हणतात गं?"

तिने पटकन सांगितलं. 'माझी टीचर' आणि 'माझं नवीन घर'सुद्धा म्हणून दाखवलं. श्रीकांतने कॅसेट बंद केली.

तुम्हीच सांगा, दोन आठवड्यांच्या ट्रिपला शाळा लागते का?