वानखडे सरांची कपाटं

पुस्तक मागायच्या चिठ्ठीवर त्याचा नंबर नसला की वानखडे सर ती हातातही घ्यायचे नाहीत. फूटपट्टीच्या टोकाने सरकवून परत करायचे. संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या शाळेचे ते ग्रंथपाल. मी बुलढाण्याहून मराठी शिकवायला तिथे रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात माझीही चिठ्ठी परत आली. "नंबर टाका, मॅडम. नियम सगळ्याईले सारखाच." तेव्हा आमचं जे फाटलं ते फाटलंच.

माणूस कुसकट होता, हे मी आजही म्हणते. पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावलेली, कपाटं कुलूपबंद, किल्ली पँटच्या खिशात. पोरं नंबरांच्या वहीत बोट फिरवून कंटाळायची आणि रिकाम्या हाताने वर्गात परत यायची. मी सुचवलं, भुताच्या गोष्टी एका कप्प्यात ठेवू, विनोदी दुसऱ्यात, वर मोठ्या पाट्या लावू. तर सगळ्या स्टाफरूमसमोर म्हणाले, "पुस्तक म्हंजे बाजारातला भाजीपाला नाही. ढीग काऊन लावता?" सगळे हसले. मीही तिथल्या तिथे सांगितलं की तुम्ही ग्रंथपाल नाही, पुस्तकांचे वॉचमन आहात.

मुख्याध्यापक माझ्या बाजूने झाले. दिवाळीच्या सुट्टीत मी कपाटं उघडली, पुठ्ठ्याच्या पाट्या रंगवल्या आणि पुस्तकांवरच्या आकड्यांवर रंगीत कागद चिकटवले. 'भुतं', 'हसा', 'प्रवास', 'मुलींचं आरोग्य'. सर दारातल्या खुर्चीत बसून बघत होते, एका पुस्तकाला हात लावला नाही. "लावा, लावा. चार दिवसानं पाहू," एवढंच बोलले. शाळा उघडली तेव्हा भुतांच्या कप्प्यावर झुंबड उडाली. मी सरांकडे मुद्दाम बघून घेतलं. उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोप समारंभात मी त्यांच्याबद्दल एक शब्द बोलले नाही.

पुढच्या वर्षी आठवीतली वैशाली आठ दिवस शाळेत आली नाही, म्हणून मी तिच्या घरी गेले. आई शेतात निंदायला गेलेली, पोर एकटी कोपऱ्यात बसलेली. तिला पाळी आली होती आणि आपल्याला कॅन्सर झालाय, आता आपण मरणार, असं ती धरून बसली होती. आईला सांगायचीही हिंमत झाली नव्हती. मी म्हटलं, अगं, वाचनालयात पुस्तक आहे ना याच्यावर, एवढी मोठी पाटी आहे. ती खाली बघत म्हणाली, "त्या पाटीपाशी कोनी गेलं की पोट्टे हासतात, मॅडम."

शाळेत येऊन देवघेवीची वही काढली. माझी पाटी लागल्यापासून ते पुस्तक एकदाही बाहेर गेलं नव्हतं. त्याआधीच्या पानांवर मात्र त्याचा जुना नंबर, सहाशे बारा, सहाशे बारा, आणि पुढे सगळी मुलींची नावं. दहावीतल्या मुलींना विचारलं तेव्हा कळलं, मोठ्या मुली धाकट्यांना तो आकडा सांगून ठेवायच्या. सर वर न बघता पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून द्यायचे.

मी तशीच त्यांच्या गावी गेले. ते ओट्यावर बसले होते. आत या म्हणाले नाहीत. मी उभ्या उभ्याच विचारलं, हे तुम्ही मला का सांगितलं नाही?

"तुमी इचारलं कवा?" ते म्हणाले. मग पुढे, "पोरीले नंबर मांगता येते, मॅडम. नाव नाही मांगता येत."

मी म्हटलं, "ती पोर आठ दिवस मरायची वाट बघत होती, सर. आणि तुम्ही खुर्चीत बसून माझी फजिती व्हायची वाट बघत होता."

ते उठून आत गेले आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी ती पाटी काढली, पुस्तकाच्या आकड्यावरचा रंगीत कागद सोलून काढला, आठवीच्या मुलींना वेगळं बसवून आकडा सांगितला. पुस्तक त्याच दुपारी गेलं. सरांना मी ते कळवलं नाही. वैशालीचे ते आठ दिवस आमच्या दोघांच्या हट्टापायी गेले. तो माणूस मला आजही आवडत नाही, आणि तिच्या बाबतीत मी स्वतःलाही आवडत नाही.