देव्हाऱ्यामागचा दीड इंच

मुकुंद वैशंपायन हे नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरले होते. साताऱ्यात गोडोलीतल्या त्या आठ बिऱ्हाडांच्या सोसायटीत त्यांना सगळे अण्णाच म्हणत. पस्तीस वर्षे त्यांनी मोजणी खात्यात काढली होती. लोकांच्या शेताच्या हद्दी, बांध, खुणेचे दगड यांतच ती गेली. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरले नाही, तेव्हा त्यांनी स्वतःचे घर मोजायला घेतले.

मागची गॅलरी म्हणजे त्यांचा कारखाना. करवती, रंधा, ड्रिल, डब्यांतून आकारांप्रमाणे लावलेले स्क्रू, सगळे जागच्या जागी. भिंतीत मिटणारे इस्त्रीचे टेबल, ओट्याखालचे सरकते कप्पे, कप्पीवर वरखाली होणारी कपड्यांची दोरी हे सगळे त्यांनी घरच्या घरी केलेले. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई म्हणायच्या, "आमच्याकडे माणसं दोन आणि बिजागऱ्या दोनशे." पण पाहुणे आले की त्याच आधी इस्त्रीचे टेबल उघडून दाखवायच्या.

अण्णांचे एक मत पक्के होते. मिस्त्री लोक अंदाजाने काम करतात. आपण मोजून करतो. त्यासाठी एक वही होती. घरातली वायर कुठून गेली, नळ कुठून गेला, कुठल्या भिंतीत काय आहे, याचा त्या वहीत मापासह नकाशा. पाण्याचे काम मात्र ते स्वतः करत नसत. ते कृष्णात करी.

कृष्णात मूळचा वाळवा तालुक्यातला. साताऱ्यातच करंजे भागात खोली घेऊन राहायचा आणि आठही बिऱ्हाडांचे नळ त्याच्याच हातचे होते. चार वर्षांपूर्वी अण्णांचे न्हाणीघर नवे केले तेव्हा गरम पाण्याची लाइन त्याने हॉलच्या भिंतीतून नेली. गिलावा करण्याआधी अण्णांना बोलावून म्हणाला, "अण्णा, वही काढा तुमची. ही लाइन नीट लिवून ठेवा. उद्या खिळा ठोकाल न् मला शिव्या घालाल."

अण्णांनी टेप लावली आणि लिहिले : जमिनीपासून बेचाळीस इंच.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी हॉलमध्ये जुन्या फरशीवर नवी फरशी बसवली. एकट्याने, सव्वीस दिवसांत. फरशी वर आल्याने दारे अडकू लागली, तेव्हा चारही दारे उतरवून खालून दीड दीड इंच तासली. त्या कामाचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले आणि आठ अंगठे मिळाले.

त्यानंतर देव्हारा. सहा महिने खपून सागवानी देव्हारा केला. छोटा कळस, जाळीची दारे, आणि समोरून एकही स्क्रू दिसणार नाही अशी बांधणी. ईशान्येचा कोपरा म्हणजे नेमकी हॉलची तीच भिंत. अण्णांनी वही उघडली, पाइप बेचाळीसवर आहे हे पाहिले आणि खालचा स्क्रू साडेचाळीसवर घेतला. दीड इंच सोडला होता. अक्षय्य तृतीयेला देव बसले.

पावसाळा संपता संपता खालच्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार भाऊसो जगताप वर आले. "अण्णा, आमच्या छतावर नकाशा उमटलाय बगा. मोजायला या."

ओल होती खरी. कृष्णातला बोलावले. त्याने न्हाणीघराच्या बाजूने दोन फरश्या काढल्या, सांधे तपासले, पाइपवर हात फिरवला, बराच वेळ भिंतीला हात लावून उभा राहिला. मग हॉलमध्ये आला आणि देव्हाऱ्याकडे पाहत म्हणाला, "अण्णा, ह्यो काढून बगाय लागतंय."

"काय काढून?"

"देव्हारा. दोन तासाचं काम. परत जसाच्या तसा लावून देतो."

"तिथे देव बसवलेत, कृष्णात. मुहूर्ताने. तुझ्या नळासाठी देव हलवू?"

"आवं, देवाला सांगून हलवू की. त्याला काय राग येतोय व्हय?"

"तुझा सांधा गळतोय, तो बघ. माझ्याकडे मापं आहेत. लाइन बेचाळीसवर, माझा स्क्रू साडेचाळीसवर."

कृष्णात वहीकडे पाहत राहिला. "वहीत आसंल. पर—"

"पर नाही न् बिर नाही."

एरवी अण्णांची पूजा दहा मिनिटांत आटपत असे, आणि तीही पेपर येईपर्यंत. देव हलवण्याचे त्यांना एवढे काही नव्हते. पण आपल्या देव्हाऱ्याला कृष्णातचे चिखलाचे हात लागणार, पॉलिशवर ओरखडा उठणार, आणि मुख्य म्हणजे आपल्या मापावर एक प्लंबर शंका घेणार, हे त्यांना सोसवेना. देवाचे नाव तोंडात आपोआप आले.

कृष्णातने दोनदा येऊन सगळे सांधे नव्याने केले, एकही पैसा घेतला नाही. ओल तशीच राहिली. तेव्हा अण्णांनी त्या लाइनचा कॉकच बंद केला आणि न्हाणीघरातून बाहेरच्या बाजूने नवा पाइप स्वतः नेला. ओल वाळली. त्याच दिवशी त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर टाकला. क्रमांक घालून. एक, सदर प्लंबरचे काम निकृष्ट होते. दोन, दोनदा दुरुस्ती करूनही गळती थांबली नाही. तीन, अखेर प्रस्तुत लेखकाने स्वतः प्रश्न सोडवला. चार, यापुढे सदर इसमास कोणीही काम देऊ नये.

पुन्हा आठ अंगठे. तो मजकूर शेजारच्या सोसायटीत गेला, तिथून आणखी कुठे गेला. अण्णांना त्याचे बरेच वाटले. वर्षभरात कृष्णात दिसेनासा झाला. सांगलीला गेला असे कुणीतरी म्हणाले. अण्णांनी ऐकले आणि पान उलटावे तसे सोडून दिले.

यंदा नोकरीनिमित्त बाहेरगावी असलेल्या मुलाचा, वरदचा, साखरपुडा घरातच करायचे ठरले. हॉलला रंग द्यायचा होता. अण्णांनी सकाळी आंघोळ करून देवांना नमस्कार केला, एकेक देव ताम्हनात ठेवला, ताम्हन स्वयंपाकघरात चौरंगावर नेले. मुहूर्त पाहिला नाही. अनसूयाबाईंनीही विचारले नाही. सगळे मिळून पाच मिनिटे लागली.

मग देव्हारा उतरवायला घेतला. वरचे दोन स्क्रू सहज आले. खालचा डावीकडचाही आला. उजवीकडचा मात्र करकर करत आला, गंजलेला, टोकाशी पांढरे क्षार जमलेले. अण्णा तो हातात धरून उभे राहिले. भोकाभोवती पटाशीने थोडे खरवडले. आत, लाइन न्हाणीघराकडे वळत होती तिथेच, पिवळट पांढरा पाइप होता. त्यावर गोल भोक.

त्यांनी टेप लावली. साडेचाळीस. वही आणली. बेचाळीस. पुन्हा टेप लावली. टेपचे खालचे टोक जिथे टेकले होते, तिथे त्यांची नजर गेली. नवी फरशी. तिथून शेजारच्या दाराकडे. खालून दीड इंच तासलेल्या त्या दाराकडे.

जमीन त्यांनीच दीड इंच वर आणली होती. वहीतला आकडा जुन्या जमिनीपासूनचा होता. चार दारे आपल्या हाताने तासणाऱ्या माणसाला वहीतला एक आकडा बदलायचे सुचले नव्हते. पस्तीस वर्षे ते शेतकऱ्यांना सांगत आले होते, आधी खुणेचा दगड जागेवर आहे का बघा, मग साखळी टाका.

"काय झालं हो?" अनसूयाबाईंनी दारातून विचारले.

"काही नाही. स्क्रू गंजलाय."

त्यांनी भोकात पुट्टी भरली, वरून पॉलिश कागद फिरवला. रंग झाला, देव परत बसले, साखरपुडा पार पडला. व्याह्यांनी देव्हाऱ्याचे तोंड भरून कौतुक केले. "कुठल्या सुताराकडून केलात?" अनसूयाबाई म्हणाल्या, "हे स्वतःच करतात सगळं. मोजून." अण्णा पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि पाणी न घेताच परत आले.

स्क्रू त्यांनी टाकला नव्हता. सदऱ्याच्या खिशात होता. सदरा बदलला की स्क्रूचीही बदली व्हायची. पूजेला बसले की नजर देवावर ठरत नसे. उजवीकडे खाली जाई.

एका सकाळी जिन्यात भाऊसो भेटले. "अण्णा, मेव्हण्याचं बांधकाम काढलंय. प्लंबर पायजे. कृष्णातचं नाव निघालं हुतं, मीच म्हणलं, नगं. आपल्या अण्णांनी ग्रुपवर लिवलंय त्याच्याबद्दल."

"तसा... काम चांगलं करायचा तो," अण्णा म्हणाले.

"आं? मग ते लिवलेलं?"

अण्णांचा हात खिशातल्या स्क्रूवर गेला. भाऊसो जिना उतरताना म्हणाले, "सांगलीत दुसऱ्याच्या हाताखाली जातोय म्हणं. स्वतःची माणसं घेऊन काम करणारा गडी."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सांगलीची एसटी धरली. अनसूयाबाईंना सांगितले, जुन्या सहकाऱ्याला भेटून येतो. कऱ्हाडला गाडी थांबली तेव्हा परतीची गाडी समोरच उभी होती. ते तिच्याकडे चहा संपेपर्यंत पाहत राहिले.

कृष्णात मार्केट यार्डाकडच्या रस्त्याला एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सापडला. हळदीचा वास वरपर्यंत येत होता. भिंतीत खाच मारत होता, केसांवर सिमेंट. अण्णांना पाहून छिन्नी खाली ठेवली, पण उठला नाही.

"बसा. खुर्ची न्हाई हितं."

अण्णा पालथ्या बादलीवर बसले. वाटेत तयार केलेली वाक्ये आठवेनात. त्यांनी खिशातून स्क्रू काढून त्याच्यासमोर धरला. कृष्णातने तो घेतला, उलटा करून टोक पाहिले आणि परत दिला.

"ठावं हाय मला."

"काय?"

"त्याच दिशी कळलं हुतं. न्हाणीच्या अंगानं फोडलं तवा पाइप सगळा कोरडा. ओल पलीकडनं, तुमच्या देव्हाऱ्याखालनं येत हुती."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. देव्हारा काढा म्हणलं. आजून काय बोलू? तुमी मधी देव घातला, अण्णा. देवाबरुबर कोण भांडंल?"

खाली हमालांचा गलका चालला होता. अण्णा म्हणाले, "चुकलं माझं. मी ते मान्य करायला आलो."

कृष्णातने छिन्नी उचलली. "मला सांगून काय उपेग? मला तर पयल्यापासनं ठावं हाय. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा." आणि तो पुन्हा खाच मारू लागला. अण्णा उठले आणि बादली जागेवर ठेवून निघाले.

रविवारी सोसायटीची मासिक बैठक होती. अण्णांनी ती आपल्या घरी बोलावली. सकाळी अनसूयाबाईंना सगळे सांगितले. त्या ऐकून म्हणाल्या, "आणि मी व्याह्यांसमोर 'मोजून' म्हणाले." त्यांनी उठून स्वतःच ताम्हन आणले आणि देव उतरवायला लागल्या. अण्णांनी देव्हारा काढला, पुट्टी खरवडली.

लोक आले तेव्हा नव्या रंगाच्या भिंतीवर ते भोक उघडे होते. अण्णा उभे राहिले. त्यांनी कागदावर क्रमांक घालून लिहून ठेवले होते, पण कागद खिशातच राहिला. "कृष्णातच्या कामात काही चूक नव्हती. पाइप मी फोडला. त्याने देव्हारा काढून बघू म्हटलं, मी देवाचं नाव पुढे केलं. मग त्याच्याबद्दल खोटं लिहिलं. तुम्ही सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवलात."

भाऊसोंनी पुढे होऊन भोकात करंगळी घातली. "म्हंजे मोजणी खात्याचा मानूस सोताच्याच घरात दीड इंच चुकला म्हणा की!"

सगळे हसले. हसण्यात राग नव्हता. तेच अण्णांना सोसेना. "हसू नका," ते म्हणाले. "त्याला फोन लावा. माझ्यासमोर."

भाऊसोंनी नंबर शोधला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. जे झाले ते त्यांनी सांगितले. मग म्हणाले, "मेव्हण्याचं काम हाय रं गड्या, कवा येतोस?"

"न्हाई जमायचं, सुभेदार," पलीकडून कृष्णात म्हणाला. "पोरं हितल्या शाळेत घातल्यात. आता सातारा न्हाई."

अण्णा फोनजवळ गेले. "कृष्णात, मी सांगितलं सगळ्यांना."

"ऐकलं की. बरं केलंत." मग तो म्हणाला, "अण्णा, ती लाइन नुसत्या कॉकवर सोडू नगा. कॉक कवाबी गळतोय. दोन्ही टोकांना टोपण मारून घ्या."

"घेतो."

"पर तुमी मारू नगा. कुणाला तरी बोलवा."

या वेळी लोक आधीपेक्षा मोठ्याने हसले. अण्णांनी मान हलवली, फोनमधून ती दिसत नाही हे लक्षात आल्यावर "हो" म्हणाले.

सोमवारी प्लंबर आला, कुणी अनोळखी. अण्णा हात मागे बांधून बाजूला उभे राहिले. त्याने विचारले, "लाइन किती उंचीवर हाय?" अण्णांचा हात वहीकडे गेला आणि तिथेच थांबला. ते म्हणाले, "तुम्हीच बघा."