चिखलदऱ्याच्या तळ्याचा बेत

परवा लेकीच्या सहलीसाठी पुऱ्या तळताना ओव्याचा वास दरवळला आणि मी मोर्शीच्या आमच्या स्वयंपाकघरात पोचले.

त्या वर्षी पाण्यावाचून आमची संत्र्याची बाग वाळली होती. झाडं तोडल्यापासून बाबा बोलतच नव्हते. शेजारच्या गावात एका शेतकऱ्यानं जीव दिला होता. तेव्हापासून आई बाबांना एकटं सोडत नसे.

मी आणि मैत्रीण शबाना रविवारी चिखलदऱ्याला जायचं ठरवत होतो. तळ्याकाठची सोपी वाट, संध्याकाळपर्यंत परत. आईलाही न्यायचं होतं.

"मी नाही येत," आई भाकर थापत म्हणाली. "ह्यायले कोन पाहीन?"

मागे दारात बाबा उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. तव्यावरची भाकर करपली, तरी आई हलली नाही.

शबाना मात्र सरळ म्हणाली, "काका, तुमी बी चला ना."

बाबा उंबरठा ओलांडून आत आले.

"तळ्यात पानी हाय काय?"

"हाय ना, काका."

"मंग येतो."

आई रडायला लागली. मी तिच्यावर चिडले. बेत ठरल्यावर रडायचं कशाला? झाडं तोडल्यापासून पहिल्यांदाच बाबांनी पुढचं, येत्या रविवारचं काहीतरी ठरवलं होतं, म्हणून ती रडली, हे मला फार उशिरा कळलं.