धुतलेली द्राक्षं

"धुतलंय का?" हा बाईंचा पहिला प्रश्न. काचेचं भांडं हातात आलं की ते उजेडाकडे धरायचं, डोळे बारीक करायचे आणि विचारायचं. "हो बाई," म्हटलं तरी स्वतः पुन्हा धुवायचंच. चहाच्या कपाचीही यातून सुटका नव्हती. मात्र हाच प्रश्न त्या द्राक्षं घेऊन आलेल्या शेतकऱ्याला विचारायच्या, आणि उत्तर "हो" आलं की त्यांचा पारा चढायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अंबडच्या एका खासगी प्रयोगशाळेत मी रिपोर्ट टाईप करायचे. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांवर फवारणीच्या औषधाचा किती अंश राहिलाय, ते तिथे तपासलं जायचं. तपासायच्या बाई. जिल्ह्यातल्या पहिल्या महिला केमिस्ट, अशी त्यांची ओळख मालक येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने करून द्यायचे. ओळख करून देण्यापलीकडे त्या कौतुकाचा कुणाला काही उपयोग झालेला मी पाहिला नाही.

बाईंची पहिली नोकरी सातपूरच्या एका कारखान्यातली. तिथे बायकांसाठी संडास नव्हता, कारण तिथे बाई कामाला येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सकाळी निघताना बाई जे पाणी प्यायच्या ते पुन्हा संध्याकाळी घरी आल्यावर. मॅनेजरने विचारलं, "जमेल ना तुम्हाला?" बाई म्हणाल्या, "केमिस्ट्री जमते. बाकीचं तुम्ही जमवा." हा किस्सा त्या हसत सांगायच्या. मला कधी हसू आलं नाही. संडास बांधला गेला तो बाईंनी नोकरी सोडल्यावर.

तर द्राक्षं. आपल्या माणसाला कुणापुढे मळका माल ठेवायची लाज वाटते, हे तुम्हीही पाहिलं असेल. शेतकरी बागेतले देखणे घड निवडायचे, स्वच्छ धुवायचे, पंच्याने टिपायचे आणि पेपर अंथरलेल्या खोक्यातून घेऊन यायचे. औषध गेलं मोरीत, आणि आम्ही तपासायचं काय? निफाडकडचे एक काका तर दर हंगामात असेच यायचे.

"बाई, सकाळीच धुऊन आणलीत. एक तरी डाग दाखवा."

"अहो काका, मला डागच बघायचेत!"

"असं कसं? तुमच्यापुढं धुळीचा माल मांडू का? लय वाईट दिसतं ते."

बाई कपाळाला हात लावायच्या. मग त्यांनी स्वतःच बागेत जायला सुरुवात केली. प्रयोगशाळेची गाडी मालकांच्या कामासाठी असायची, म्हणून बाई एसटीने. मांडवाखाली वाकून कडेचे, मधले, सावलीतले घड कापायच्या. काका मागून ओरडायचे, "त्यो नका घेऊ बाई, त्यो आतला हाय!" बाई म्हणायच्या, "आतलाच हवाय."

एका वर्षी काकांच्या द्राक्षांचा परदेशी जाणारा कंटेनर ठरला. त्यांनी स्वतः आणलेला धुतलेला नमुना पास झाला आणि बाईंनी बागेतून आणलेला नापास. बाईंनी काकांना समोर बसवून समजावलं, "थोडे दिवस घड वेलीवरच राहू द्या. औषध उतरेल. मी परत येऊन तपासते."

"थांबलो असतो बाई. पण गाडी उद्याची हाय."

मालकांनी बाईंना आत बोलावलं. दार उघडंच होतं.

"मॅडम, एवढं काय ताणायचं? धुतलेल्याचा आकडा टाका. तोही आपल्याच मशीनचा आहे ना?"

"मशीनला माहीत नाही द्राक्षं धुतलीत की नाही. मला माहितीय. मी सही करणार नाही."

"नका करू," मालक शांतपणे म्हणाले.

पुण्याचे एक सल्लागार अधूनमधून यायचे. सगळी नोकरी साखर कारखान्यात झालेली, पण नावामागे डॉक्टर होतं आणि केस पांढरे होते. त्यांनी सही केली. पेन बाईंच्याच टेबलावरचं घेतलं.

कंटेनर गेला. मी मनातून वाट बघत होते की तो परत येईल. काकांचं वाटोळं झालं असतं, हे कळत होतं, तरी बघत होते. तो आला नाही. माल तिकडे उतरला, विकला गेला. मालकांनी पेढे वाटले. "बघा मॅडम, उगाच घाबरत होता."

"तिकडे ती खोकी कुणी तपासली नाहीत, एवढंच झालंय," बाई म्हणाल्या. पेढा त्यांच्या हातात तसाच होता. बरोबर असूनही तोंडघशी पडणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. मला अजूनही त्याची चीड येते.

त्यानंतर सगळ्याच रिपोर्टांवर सल्लागारांची सही येऊ लागली. तपासायचं बाईंनी, सही त्यांची. "ज्याने तपासलं त्याची सही असू द्या," एवढंच बाईंचं मागणं होतं. मालक म्हणाले, "सहीचं काय घेऊन बसलात?" पुढच्या हंगामाआधी बाईंनी राजीनामा दिला.

निरोप समारंभ मात्र थाटात झाला. साडी दिली, नारळ दिला, मालकांच्या पत्नीने ओटी भरली. सल्लागार बाईंच्या डिंकाच्या लाडवांवर बोलले. अकाउंटंट त्यांच्या मायेवर बोलला. मालकांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मॅडम म्हणजे आपल्या लॅबची आई," ते म्हणाले. केमिस्ट्रीचं नाव कुणी काढलं नाही.

बाई बोलायला उभ्या राहिल्या. "आई मी घरी आहे," त्या म्हणाल्या. "इथे मी केमिस्ट होते. आणि तो निफाडचा रिपोर्ट..."

त्यांचा आवाज कापला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई भावुक झाल्या, असं वाटलं त्यांना. एका हातात साडी, दुसऱ्या हातात नारळ घेऊन बाई टाळ्या थांबायची वाट बघत उभ्या होत्या. टाळ्या थांबल्या तेव्हा समोसे आले होते.