चिंचेवरच्या बाळंतिणी

बायांनो, आज सकाळी मंद्रूपच्या घरी लई मज्जा झाली. चिंचेवरची वटवाघळं अंगणात घाण करत्यात म्हणून आमचा दत्ता फांदी तोडाया कुऱ्हाड घिऊन आला.

मी वर बघितलं, तर एकीच्या पोटाला इवलंसं पिल्लू चिकटलेलं! शेजारणीच्याबी तसंच. समद्या आया उन्हानं पंख हलवून वारा घालत हुत्या.

म्हणलं, "दत्ता, तुझी भन आत बाळंतीण हाय. तिला उंबरा वलांडू देत न्हाईस, आन ह्यांना हाकलतूस व्हय?"

"आये, ह्या काय माहेराला आल्यात?"

"आल्यात की!"

दत्ता हसला. "बरं, पिल्लं उडूस्तवर ऱ्हाऊ दे. पर अंगण तू झाडायचं."

झाडीन की! तुमच्या झाडावर कुणी आल्यात का गं?